मोबाईलवर वाढलेली मुलं वर्गात नेमकी कुठे अडतात?

ऑस्ट्रेलियाने 10 डिसेंबर 2025 पासून सोळा वर्षांखालच्या मुलांना सोशल मीडियावर खातं ठेवायला बंदी घातली आणि आपल्याकडच्या पालकसभांना नवा विषय मिळाला. त्याआधी 2022 मध्ये सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने रोज संध्याकाळी सातला भोंगा वाजवून टीव्ही-मोबाईल दीड तास बंद ठेवायचा पायंडा पाडला होता. त्याचीही आठवण हटकून निघते. नाशिकच्या शाळांत पहिली पालकसभा भरली की लगेच दोन गट पडतात. एक म्हणतो, ‘ही पोरं आपल्या दहा पावलं पुढे आहेत. शिक्षकच मागे पडलेत, आता फळा-खडू सोडा.’ दुसरा म्हणतो, ‘मोबाईलने पोरांच्या डोक्याचा पार भुगा केलाय. यांना कोण काय शिकवणार?’

मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो आणि मला दोघांचंही निदान पटत नाही. गंमत अशी की भांडणारे हे दोन गट एका गोष्टीवर एकमताचे आहेत. मोबाईलमुळे मुलांचा मेंदूच वेगळा घडलाय, असं दोघंही धरून चालतात. तसं काही झाल्याचं दिसत नाही. शिकण्याची यंत्रणा तुमच्या-आमच्या वेळची तीच आहे. काही सवयी मात्र लागल्या, काही सुटल्या, आणि वर्गात जो गोंधळ दिसतो तो बहुतेक त्यातून आलेला आहे.

‘डिजिटल नेटिव्ह’ आले कुठून?

2001 मध्ये मार्क प्रेन्स्की या अमेरिकी लेखकाने ‘डिजिटल नेटिव्ह’ हा शब्दप्रयोग रूढ केला. जन्मापासून संगणक आणि इंटरनेटच्या सहवासात वाढलेली पिढी, असा त्याचा अर्थ. बाकीचे आपण या डिजिटल देशात बाहेरून आलेले. त्याचं म्हणणं असं की ही मुलं वेगळ्या रीतीने विचार करतात, एका वेळी अनेक कामं करतात, म्हणून शाळांनी आपली पद्धत बदलावी. कल्पना आकर्षक होती. शिक्षकांच्या प्रशिक्षणांत ती वर्षानुवर्षं फिरत राहिली. 2017 मध्ये पॉल किर्शनर आणि पेद्रो डी ब्रुइकेरे या दोन अभ्यासकांनी त्यावरचं संशोधन तपासलं, तेव्हा अशा खास क्षमतेला आधार सापडला नाही.

आपल्याकडचे आकडे बघा. ग्रामीण भारताच्या ‘असर’ 2024 या पाहणीत 14 ते 16 वयाच्या जवळपास 90 टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता आणि 82 टक्के मुलांना तो वापरता येत होता. ज्यांना वापरता येत होता, त्यांपैकी 76 टक्के मुलांनी आदल्या आठवड्यात सोशल मीडिया पाहिला होता. अभ्यासाशी संबंधित काही केलेली मुलं 57 टक्के. म्हणजे फोन हातात असणं आणि फोनवर शिकणं यांत बरंच अंतर आहे.

हे अंतर बघायचं असेल तर शाळेच्या संगणक कक्षात यावं. आठवीच्या वर्गाला दोन परिच्छेद टाइप करून फाईल सेव्ह करायला सांगितलं होतं. पुढच्या तासाला बऱ्याच जणांना ती सापडेना. ‘कुठे सेव्ह केली होतीस?’ असं विचारल्यावर एक मुलगी म्हणाली, ‘माहीत नाही सर, सेव्ह केली होती, इथेच असेल ना?’ फोल्डर नावाची वस्तू तिला कधी लागलेलीच नव्हती, कारण फोनमध्ये सगळं आपोआप समोर येतं. हीच मुलगी रील एडिट करून, त्यावर गाणं जुळवून दहा मिनिटांत टाकते. जे रोज लागतं ते तिला झकास येतं. जे लागत नाही ते येत नाही, आणि त्यात तिचं काही चुकलं असंही नाही.

आणखी एक गोष्ट आपण सोयीस्करपणे विसरतो. आज नववी-दहावीत असलेली मुलं मार्च 2020 मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा दुसरी ते चौथीत होती. हातच्याची वजाबाकी, पाढे, जोडाक्षरं पक्की होण्याचं ते वय. या मुलांचं जे कच्चं राहिलं, त्यातलं बरंचसं त्या बंद शाळेचं देणं आहे. सगळं खापर फोनवर फोडलं की आपण सुटतो खरे, पण पोरगं तिथेच राहतं.

रामकुंडात मावतात तेवढेच

शिकणं म्हणजे काय, हे समजायला एकच पारिभाषिक शब्द पुरेसा आहे, ‘वर्किंग मेमरी’. मराठीत कार्यस्मृती म्हणू. विचार चालू असताना जेवढं एका वेळी मनात धरता येतं, ती ही जागा. ती फार लहान असते. 1956 मध्ये जॉर्ज मिलर या मानसशास्त्रज्ञाने साधारण सात गोष्टी असा अंदाज दिला. पुढच्या संशोधनात तो चारच्या आसपास उतरला.

सिंहस्थ कुंभमेळ्याची चर्चा सध्या नाशिकभर आहे, म्हणून उदाहरण तिथलंच घेतो. लाखोंची गर्दी शहरात येते, पण रामकुंडात एका वेळी मावतात तेवढीच माणसं मावतात. बाकीच्यांना बॅरिकेडमागे थांबवून टप्प्याटप्प्याने सोडावं लागतं. घाई केली की चेंगराचेंगरी. वर्गात शिक्षकाने पाच नव्या संज्ञा एका दमात सांगितल्या की मुलाच्या डोक्यात हेच होतं. पण निर्मोही, निर्वाणी किंवा दिगंबर आखाडा येतो, तेव्हा शेकडो साधू असूनही ती एकच मिरवणूक असते. एक निशाण, एक वेळ, एक मार्ग. त्यांची व्यवस्था आधीच लागलेली असते, म्हणून ते सुरळीत येऊन जातात.

आधीपासून पक्कं असलेलं ज्ञान असंच आखाड्यासारखं एकत्र येतं. नववीच्या ‘धाराविद्युत’ धड्यात 6 ओहम आणि 3 ओहमचे दोन रोध, म्हणजे विजेच्या प्रवाहाला अडथळा करणारे घटक, समांतर जोडलेत. एक छेद सहा अधिक एक छेद तीन, म्हणजे एक छेद दोन, म्हणून परिणामी रोध 2 ओहम. ज्याला लसावि झटकन येतो, त्याचं लक्ष मोकळं राहतं आणि तो विचारतो, ‘सर, दोन रोध जोडले तरी उत्तर दोन्हीपेक्षा कमी कसं?’ इथे विज्ञान सुरू होतं. ज्याला छेद समान करायलाच धाप लागते, त्याच्या कुंडात या प्रश्नाला जागाच उरत नाही. तो उत्तर उतरवून घेतो आणि आम्हाला वाटतं, याला विज्ञान जमत नाही.

मग लक्ष का लागत नाही?

‘आजच्या मुलांचं लक्ष गोल्डफिशपेक्षा कमी, फक्त आठ सेकंद टिकतं’ हे वाक्य तुम्ही व्हॉट्सअॅपवर वाचलं असेल. ते 2015 च्या सुमारास एका मोठ्या कंपनीच्या अहवालामुळे जगभर पसरलं. त्यामागे धड संशोधन नाही, माशाबद्दलही नाही. हीच मुलं नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानावर सलग तीन तास क्रिकेट खेळतात, गेमची अवघड पातळी पार होईपर्यंत मान वर करत नाहीत.

लक्ष आहे. ते एका जागी बांधून ठेवायचा सराव कमी झालाय. फोनवर कंटाळा यायच्या आत बोट वर सरकतं आणि नवं काहीतरी समोर येतं. ती रचना मुद्दाम तशी केलेली असते. वर्गात मात्र सिद्धतेची चौथी पायरी कंटाळवाणी वाटली तरी पाचवीकडे सरकवता येत नाही.

आणि ‘आम्ही एका वेळी दोन कामं करतो’ हा दावा? डोकं लागणारी दोन कामं खरं तर एका वेळी होत नाहीत. आपण इकडून तिकडे उड्या मारतो आणि प्रत्येक उडीला किंमत मोजतो. 2009 मध्ये स्टॅनफर्डमध्ये झालेल्या अभ्यासात अनेक माध्यमं एकदम वापरणारे तरुण उलट जास्त विचलित होताना आणि कामं बदलताना जास्त रेंगाळताना दिसले. नंतरच्या अभ्यासांत हा फरक कधी ठळक, कधी फिका दिसला. कॅनडात 2013 मध्ये झालेला प्रयोग मला शिक्षक म्हणून जास्त महत्त्वाचा वाटतो. व्याख्यान चालू असताना लॅपटॉपवर इतर उद्योग करणाऱ्यांचे गुण तर कमी आलेच, पण ज्यांना त्यांचा स्क्रीन दिसत होता त्या शेजाऱ्यांचेही कमी आले. ‘माझा फोन, माझं नुकसान’ हा मुलांचा युक्तिवाद इथे मोडतो.

व्हिडिओ बघितला म्हणजे आलं का?

माझ्या मते खरा घोळ इथे आहे.

दहावीला ‘विद्युतधारेचे परिणाम’ हा धडा आहे. त्यात फ्लेमिंगचा डाव्या हाताचा नियम येतो. तर्जनी चुंबकीय क्षेत्राची दिशा, मधलं बोट विद्युतधारेची, आणि अंगठा वाहकावरच्या बलाची. यूट्यूबवर यावर उत्तम व्हिडिओ आहेत, मराठीतही आहेत. मुलं ते बघून येतात, दुप्पट वेगाने बघून येतात. मी विचारतो, ‘कळलं?’ सगळ्या माना हलतात. मग मी फळ्यावर एक तार आणि दोन ध्रुव काढतो आणि म्हणतो, ‘हात वर करा, बल कुठे?’ चाळीस हात चाळीस दिशांना. काहींचे उजवे. एकाने तर दोन्ही हात वर करून शेजाऱ्याचा अंगठा बघून घेतला.

बघून कळल्यासारखं वाटणं आणि स्वतः करता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात काही लोकांना डार्ट फेकण्याचा व्हिडिओ एकदाच दाखवला, काहींना वीस वेळा. वीस वेळा बघणाऱ्यांचा आत्मविश्वास वाढला, नेम काही सुधारला नाही. व्हिडिओ जितका सफाईदार, तितका हा भ्रम पक्का.

यावरचा उतारा जुना आहे आणि त्याला वीजही लागत नाही. पुस्तक मिटायचं आणि आठवून बघायचं. रोडिगर आणि कार्पिक यांनी 2006 मध्ये हे तपासलं. उतारा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवत होतं, पण आठवड्याने चित्र उलटलं आणि न बघता आठवून लिहिणारे पुढे गेले. आमच्या लहानपणी मास्तर उभं करून विचारायचे, ते यामुळे कामाचं होतं. त्यातली छडी आणि अपमान बिनकामाचे होते, ते परत आणायची काही गरज नाही.

फळ्याचा फोटो काढण्याचंही असंच. ‘सर, फोटो काढू? घरी उतरवतो.’ लिंडा हेन्केल यांच्या 2014 च्या अभ्यासात संग्रहालयातल्या वस्तूंचे फोटो काढणाऱ्यांना त्या वस्तू नुसत्या बघणाऱ्यांपेक्षा कमी आठवल्या. फोटो काढला की मन म्हणतं, झालं काम. आणि दहावीचा पेपर अजून हाताने लिहायचा आहे. सहामाहीत दीड तासानंतर पेन खाली ठेवून बोटं दाबत बसणारी मुलं आता दरवर्षी दिसतात. मित्रांशी मराठी इंग्रजी अक्षरांत टाइप होते, नाहीतर माइक दाबून बोलली जाते. देवनागरी लिहिण्याची वेळ फक्त शाळेत येते, मग हात दुखणारच.

पुस्तक की स्क्रीन?

2018 मध्ये एका संशोधक गटाने 54 अभ्यास आणि एक लाख सत्तर हजारांहून जास्त वाचकांची माहिती एकत्र तपासली. गोष्टींच्या बाबतीत कागद आणि स्क्रीन यांत फारसा फरक नव्हता. माहितीपर मजकूर मात्र कागदावर जास्त समजला, आणि वेळेची घाई असेल तेव्हा आणखी जास्त. नवी पिढी सरावेल आणि हा फरक मिटेल अशी अपेक्षा होती. तो 2000 पासून 2017 पर्यंत उलट वाढत गेलेला दिसला. स्वीडनने 2023 मध्ये शाळांत छापील पुस्तकांवर पुन्हा पैसा ओतायला सुरुवात केली, त्यामागे अशीच काळजी होती. 1840 पासून चालत आलेलं सार्वजनिक वाचनालय आपल्या गावात आहे, याचा उपयोग आपण किती करतो हा वेगळा आणि जरा लाजिरवाणा प्रश्न.

‘सगळं गुगलवर आहे, पाठ कशाला करायचं?’

हा आक्षेप मुलं घेतात, आणि हल्ली पालकही. सनावळ्यांची यादी घोकण्याबद्दल असेल तर मीही त्यांच्या बाजूचा. पण शोधायलासुद्धा आधी काहीतरी माहीत असावं लागतं, आणि सापडलेलं खरं की खोटं हे ठरवायला तर नक्कीच.

आमच्या वर्गात द्राक्षावरच्या रोगांचा प्रकल्प होता. एका गटाने एआयकडून झकपक तक्ता करून आणला. त्यात लिहिलं होतं, पावसाने पानं ओली राहिली की भुरी वाढते. मागच्या बाकावरून आवाज आला, ‘सर, चुकलंय. ओल्या पानावर डाऊनी येते, भुरी नाही.’ पोरगा निफाडकडचा, घरची बाग. पुढे त्याने डाऊनीचे तेलकट पिवळे डाग आणि पानाच्या खालची पांढरी बुरशी असं सगळं सांगितलं. तक्ता करणाऱ्या गटाकडे फोन चांगला होता. चूक मात्र पकडली ती डोक्यात आधीपासून माहिती असलेल्या मुलाने. एरवी हा मुलगा वर्गात ‘साधारण’ समजला जातो.

एआयने तर शिक्षकाचीच गरज संपली?

नोव्हेंबर 2022 मध्ये चॅटजीपीटी आलं आणि निबंधाचा गृहपाठ तपासणं हे माझ्या मराठीच्या सहकाऱ्यांसाठी गुप्तहेराचं काम झालं. पण याबाबत एक प्रयोग नीट समजून घेण्यासारखा आहे. तुर्कस्तानातल्या एका शाळेत जवळपास हजार विद्यार्थ्यांवर तो झाला, 2025 मध्ये प्रसिद्ध झाला. गणिताच्या सरावासाठी एका गटाला थेट एआय दिलं. सरावात त्यांची कामगिरी 48 टक्क्यांनी सुधारली. मग एआय काढून परीक्षा घेतली, तर ज्यांना एआय कधी मिळालंच नव्हतं त्यांच्यापेक्षा ते 17 टक्क्यांनी मागे पडले. तिसऱ्या गटाचं एआय उत्तर सांगत नव्हतं, शिक्षकांनी ठरवून दिलेल्या सूचनाच देत होतं. त्यांची सरावातली सुधारणा 127 टक्के होती आणि परीक्षेतलं नुकसान जवळजवळ नाहीसं झालं.

साधन बहुतांशी तेच. एकाने मुलाच्या जागी गणित सोडवलं, दुसऱ्याने मुलाकडून सोडवून घेतलं. क्लासच्या ‘रेडीमेड नोट्स’ही पहिल्या प्रकारातच बसतात, पण त्यावर पालकसभेत कुणी बोलत नाही.

बंदी घालून सुटेल?

फ्रान्सने 2018 मध्ये शाळांत मोबाईलवर बंदी आणली. इंग्लंडमधल्या 91 शाळांच्या माहितीवर आधारलेल्या अभ्यासात बंदीनंतर गुण वाढले, आणि सगळ्यात जास्त फायदा अभ्यासात मागे असलेल्या मुलांना झाला. स्वीडनमध्ये तसाच अभ्यास केला तर परिणाम दिसला नाही. 2025 च्या ब्रिटिश अभ्यासातही कडक नियमांच्या आणि सैल नियमांच्या शाळांतल्या मुलांच्या मानसिक स्वास्थ्यात फरक आढळला नाही. माझं मत, तासाला फोन दप्तरातही नको, शाळेच्या कपाटात असावा. पण त्याने मुलं आपोआप शिकू लागतील अशी आशा धरू नये. शिवाय गृहपाठ, सूचना, वेळापत्रक सगळं शाळाच रात्री नऊला व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकते आणि सकाळी मोबाईलचे दुष्परिणाम सांगते. मुलांना हे कळत नाही असं समजू नका.

यावर कुणी म्हणेल, म्हणजे दूरस्थ शिक्षण खोटंच? तसं नाही. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ 1989 पासून आपल्याच नाशिकमधून हे काम करतंय. तिथे शिकणारे बहुतेक प्रौढ असतात, गरज ओळखून आलेले असतात, आणि पुस्तकं, अभ्यासकेंद्र, समंत्रक अशी व्यवस्था पाठीशी असते. तेरा वर्षांच्या मुलाकडे यातलं काहीच नसतं. त्याच्याकडे फक्त लिंक असते.

आणि काहींकडे तीही नसते. सातपूर-अंबडच्या कामगार वस्त्यांत घरात एकच चांगला फोन असतो, तो वडिलांबरोबर सेकंड शिफ्टला जातो आणि मध्यरात्री परत येतो. पेठ-सुरगाण्याच्या पाड्यांवर रेंजसाठी टेकडी चढावी लागते. ‘आजची पिढी डिजिटल’ असं सरसकट म्हणून गृहपाठ ऑनलाइन दिला की ही मुलं न बोलता बाहेर पडतात.

मग तासाला काय बदलायचं?

मी जे करतो ते फार भारी नाही. तासाची पहिली पाच मिनिटं वह्या बंद आणि कालच्या भागावर तीन प्रश्न. मार्क नाहीत, कुणाला हसायचं नाही. व्हिडिओ दाखवतो, पण अर्ध्यावर थांबवून ‘पुढे काय होईल, लिहा’ म्हणतो. प्रोजेक्टर मला हवाच आहे. मोटरच्या आत कुंडल, म्हणजे तारेचं वेटोळं, कसं फिरतं हे खडूने दाखवताना माझीच दमछाक होते आणि तिथे ॲनिमेशनला तोड नाही. ते संपलं की मात्र आकृती प्रत्येकाने हाताने काढायची. लांब मजकूर कागदावर. महिन्यातून एकदा एआयचं उत्तर छापून देतो आणि चुका शोधायला लावतो. या तासाला मागची बाकं सगळ्यात जास्त बोलतात.

यात पाठ्यक्रम मागे पडतो, हा सहकाऱ्यांचा आक्षेप खरा आहे. पहिल्या घटक चाचणीपर्यंत मी एक-दीड धडा मागे असतो. दिवाळीनंतर उजळणीला लागणारा वेळ कमी होतो, तिथे तो भरून निघतो. दरवर्षी पूर्ण निघतोच असं नाही.

घरी करण्यासारखं विचाराल तर ‘अभ्यास झाला का?’ हा प्रश्न सोडून द्या, त्याचं उत्तर ‘हो’ असंच येतं. पोळ्या लाटताना किंवा शाळेतून गाडीवर परत येताना विचारा, ‘आज सरांनी काय शिकवलं, मला समजावून सांग.’ मधे अडलं तर तुम्ही सांगू नका, गुगलही करू देऊ नका, दुसऱ्या दिवशी शाळेत विचारायला लावा. आणि तेवढी पाच मिनिटं आपला फोन उशाशी, टेबलावर, खिशात कुठेही ठेवा, पण हातात नको.